कर्लिंग, स्केलेटन, जपानमधली बर्फाच्या गोळ्यांची लढाई हे खरे खेळ आहेत की थंड देशांचे चोचले? आणि ते खेळ असतील, तर आपला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, खेळ का नाही?

तिन्ही खरे खेळ आहेत. शंकरपटही खेळ आहे, पण एका अटीवर, आणि त्या अटीबद्दलच मला जास्त बोलायचं आहे. मी अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातला. तूर-कापूस घरात यायला लागला की आमच्याकडे पटाचे दिवस सुरू होतात.

लोक सहसा घामावरून खेळ ठरवतात. किती पळावं लागलं, किती दम लागला. त्या मापाने तिरंदाजी आणि नेमबाजीही बाद होतील. मी हरलेल्याकडे बघतो. आपण का हरलो हे त्याला नेमकं सांगता येतं का? आणि पुढच्या मोसमापर्यंत मेहनत करून ते सुधारता येतं का? दोन्ही जमत असेल तर तो खेळ, मग तो बर्फावरचा असो की मातीतला.

कर्लिंग पहिल्यांदा मोबाइलवर बघून आमच्या पारावरचे एक काका म्हणाले होते, "हे त फरशी पुसून राह्यले ना बाप्पा!" दिसतं तसंच. पण ते पुसणं म्हणजेच अर्धा खेळ आहे. जवळपास २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड सुमारे ४५ मीटर लांबीच्या पट्टीवरून सरकवायचा आणि पलीकडच्या वर्तुळात नेमका थांबवायचा. बर्फावर आधी पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवलेले असतात, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत होतो. दगड सोडताना त्याला हलकी फिरकी द्यायची, त्यामुळे तो वाटेत वळतो. मग दोघं जण त्याच्यापुढे ब्रशने जोरात घासतात. बर्फ किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड जास्त लांब जातो आणि कमी वळतो. म्हणजे हातातून सुटलेल्या दगडाचा वेग आणि वाट नंतरही थोडी सांभाळता येते. त्यात समोरच्याचे दगड उडवायचे, आपले राखायचे. गोट्या खेळलेल्या माणसाला हा डाव लगेच कळेल. हरलेला संघ बोट ठेवून सांगतो की या दगडाला जोर जास्त झाला, त्या दगडाला घासायला उशीर झाला. १९९८च्या नागानो ऑलिंपिकपासून कर्लिंगला नियमित पदकं आहेत आणि ती रास्त आहेत.

स्केलेटनबद्दल तर वाद घालायला जागाच नाही. लहानशा स्लेजवर पालथं झोपून, डोकं पुढे करून, ताशी १२० किलोमीटरहून जास्त वेगाने बर्फाच्या नळीतून खाली यायचं. ब्रेक नाही, सुकाणू नाही. खांदे आणि गुडघ्यांच्या दाबाने वळायचं, आणि निकाल घड्याळ देतं. १९२८ आणि १९४८ला सेंट मॉरिट्झमध्ये तो ऑलिंपिकमध्ये होता, मग २००२ला परत आला.

बर्फाच्या गोळ्यांची लढाई म्हणजे युकिगासेन. जपानच्या होक्काइदो बेटावरच्या सोबेत्सू गावाने ती नियमांत बसवली. सात-सात खेळाडू, डोक्यावर हेल्मेट, तीन मिनिटांचा एक डाव आणि त्यासाठी ९० गोळे. गोळा लागला की खेळाडू बाहेर. समोरच्याचा झेंडा पळवला की डाव जिंकला. गोळे मोजके असल्याने कधी मारायचं आणि कधी दबून राहायचं याचा हिशेब लागतो. नाव पोरखेळाचं असलं तरी नियम पक्के आहेत.

मी अडखळतो ते स्की बॅलेपाशी. संगीतावर स्की घालून नाचायचं आणि पंचांनी गुण द्यायचे. १९८८ आणि १९९२ला तो ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून झाला, पदकापर्यंत पोचलाच नाही. कौशल्य अफाट होतं, पण हरणाऱ्याला पंचांच्या आवडीशी झगडावं लागत असेल तर त्याने सुधारायचं काय? फिगर स्केटिंगलाही हीच अडचण होती. २००२च्या सॉल्ट लेक सिटीत जोड्यांच्या स्पर्धेत पंचगिरीवरून एवढा गदारोळ झाला की कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्णपदक द्यावं लागलं. त्यानंतर गुण देण्याची पद्धत बदलली आणि प्रत्येक उडीची, प्रत्येक गिरकीची किंमत आधीच ठरली. माझ्या लेखी तो खेळ तेव्हा जास्त खरा झाला.

'चोचले' हा तुमचा शब्द मात्र मला पटत नाही. १९३६ साल बघा. फेब्रुवारीत जर्मनीतल्या गार्मिश-पार्टनकिर्शेनच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये आइसस्टॉक हा प्रकार प्रात्यक्षिक म्हणून ठेवला होता. दांडा लावलेली जड चकती बर्फावरून सरकवायचा आल्प्सकडच्या गावांतला खेळ. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डी दाखवली. दोन्ही गावकऱ्यांचे खेळ, दोन्ही पाहुणे म्हणून आत आलेले. कबड्डीला १९९०मध्ये आशियाई स्पर्धेत पदक मिळालं. म्हणजे त्याआधी ती खोटी होती का? आणि आपल्याच देशाचा शिवा केशवन हिमालयातल्या रस्त्यांवर चाकं लावलेल्या स्लेजवरून सराव करून सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये ल्यूज (स्लेजवर उताणं झोपून बर्फावरून घसरण्याची शर्यत) खेळला. श्रीमंतीचा चोचला असा नसतो.

आता पट. जोडी जुळवणं, खुराक, रोजचा सराव, दोन्ही बैलांनी एका पावलाने सरळ धावणं, धुरकऱ्याचा, म्हणजे जोडी हाकणाऱ्याचा तोल, हे सगळं वर्षभराचं काम आणि निकाल काही सेकंदांत. तळेगाव दशासरला जाऊन बघा, हरलेला मालक डावा बैल कुठे ओढला हे इंचाइंचाने सांगेल. इथवर सगळं माझ्या मापात बसतं. प्रश्न बैलाचा आहे. १९२८ला सेंट मॉरिट्झमध्ये घोड्यांमागे स्कीवरून धावण्याची शर्यत झाली, १९३२ला लेक प्लॅसिडमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांची. तिथेही जनावराने स्वतःहून नाव नोंदवलं नव्हतं.

२०१४ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, २०२१ला अटींवर परवानगी दिली आणि २०२३ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या बंदीवर आमच्याकडे फार राग होता. पण काठी, चाबूक, तुतारी (टोकाला खिळा लावलेली काठी) वापरायची नाही ही अट मला खेळासाठीच हवी आहे. तुतारी टोचून जोडी पळाली, तर आपली मेहनत कमी पडली की त्याचा खिळा जास्त टोचला, हे हरलेल्याला कसं कळणार? मग पुढच्या वर्षी तो बैल सुधारणार नाही, खिळा मोठा करेल. असा पट मी खेळ म्हणून मान्य करत नाही, जोडी कितीही वेगाने आली तरी. पंचांनी ती जागेवरच बाद करावी, मग मालक गावातला कितीही मोठा माणूस असो.