एक हेड की दोन? त्याआधी पॉलिसी परत करा

पत्र बेळगावातल्या वडगावच्या एका ताईंचं आहे. थोडक्यात देतो:

"वय 38. पंधरा वर्षं घरीच ब्लाऊज शिवते. मिस्टर (42) उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, हातात 28 हजार येतात. आठवड्याला दोन-तीन गिऱ्हाइकांना ब्लाऊजवर कॉम्प्युटर वर्क, म्हणजे मशीनचं भरतकाम, हवं असतं. ते मी शहापुरात 350 रुपयांत करून घेते. आता स्वतःची एम्ब्रॉयडरी मशीन घ्यायची आहे. सिंगल हेड (भरतकाम करणारं एकच डोकं) 4 लाख 80 हजारांना आहे, डबल हेड साडेआठ लाखांना. विक्रेता म्हणतो, एका हेडमागे रोज 2,000 सुटतात. क्रेडिट सोसायटी घर गहाण ठेवून 12 टक्क्यांनी कर्ज देते. हप्त्यात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2,000 धरलेत. शिवाय मिस्टरांच्या पीएफमधून 1 लाख 20 हजार काढून विमा एजंट असलेल्या भाच्याकडून त्यांच्या नावाची पॉलिसी घेतली आहे. पाच वर्षांत दुप्पट होऊन कर्ज त्यातूनच फिटेल, असं तो म्हणतो. पॉलिसीचा बाँड तीन आठवड्यांपूर्वी आला, फोटो जोडले आहेत. कोणती मशीन घेऊ?"

ताई, मशीनचं नंतर बोलू. बाँड हातात आल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. तुमचे तीन आठवडे गेलेत, म्हणून हे उत्तर तुम्हाला आधीच ईमेलने पाठवलं आहे.

तुमच्या बाँडमध्ये लिहिलंय ते असं: दरवर्षी 1 लाख 20 हजार, सलग 10 वर्षं. पैसे मिळणार 15 व्या वर्षी. पाच वर्षांत दुप्पट हे त्या कागदांवर कुठेच नाही. पाच वर्षांत दुप्पट व्हायला दरसाल जवळजवळ पंधरा टक्के लागतात आणि असल्या पॉलिसीत ते येत नाहीत. भरणार 12 लाख आणि सगळ्यात गोड, म्हणजे सगळ्यात जास्त परतावा दाखवणाऱ्या रकान्यातही मिळणार 20 लाख. पंधरा वर्षांच्या हिशेबाने हा परतावा जेमतेम 5 टक्के पडतो. त्या रकान्याचीही हमी नाही, हमीचा आकडा त्याच्या शेजारी लहान अक्षरांत आहे.

आता व्यवहार बघा. सव्वाआठ टक्के देणारा पीएफ मोडून पैसे 5 टक्क्यांत घातले आणि तेवढ्यासाठी मशीनचं अख्खं कर्ज 12 टक्क्यांनी काढायचं. यात फायदा एकट्या भाच्याच्या कमिशनचा आहे. पहिल्या वर्षीचं कमिशन सगळ्यात जाड असतं, म्हणूनच असल्या पॉलिसी इतक्या आग्रहाने विकल्या जातात. पुढच्या वर्षी पुन्हा 1 लाख 20 हजार कुठून आणणार, हे त्याने विचारलं का? महिन्याला 10 हजार झाले. मशीनचा हप्ता वेगळाच.

बरं, विमा म्हणून तरी? उद्या मिस्टरांना काही झालं तर 12 लाख. त्यातून कर्ज फेडल्यावर घरात काय उरतं? त्यांच्या वयाला 50 लाखांचा साधा टर्म विमा वर्षाला साधारण बारा-पंधरा हजारांत मिळावा. मुदत संपल्यावर त्यातून काही परत येत नाही, म्हणून तो कोणी आपणहून विकायला येत नाही.

तेव्हा उद्याच विमा कंपनीच्या शाखेत जा, भाच्याकडे नव्हे. अर्ज, बाँड आणि खात्याचा रद्द केलेला चेक द्या, तारखेची पोच घ्या. स्टॅम्प ड्यूटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि विमा चालू होता तेवढ्या दिवसांची रक्कम कापून बाकी पैसे परत येतात. भाचा रुसेल. रुसू दे.

आता मशीन. डबल हेडचा विचार सोडा. दोन्ही हेड एकाच वेळी एकच डिझाइन काढतात. शाळेचे बॅज, गणपती मंडळाचे टी-शर्ट, टोप्या अशी एकसारखी ऑर्डर असेल तर ते कामाचं. तुमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा गळा निराळा आणि रंग निराळा. दुसरं हेड बहुतेक वेळ बसून राहील.

सिंगल हेडचाही हिशेब आजघडीला जमत नाही. 4 लाख 80 हजार, 12 टक्के, पाच वर्षं: हप्ता 10,700. स्वतः केलंत तर 350 वाचतील, त्यातून धागा, बॉबिन, बॅकिंग, वीज यांचे 70 गेले की 280 उरतात. हप्त्यापुरतेच महिन्याला 38 ब्लाऊज हवेत, तुमची मजुरी न धरता. तुमच्याकडे आहेत दहाएक. विक्रेत्याचे 2,000 मिनिटाला 1,000 टाक्यांच्या हिशेबातले आहेत. ब्लाऊजवर मशीन 700 च्या आसपास चालवावी लागते, आणि फ्रेम बदलणं, धागा तुटणं यात निम्मा दिवस जातो. पाठ आणि बाह्या धरून 45 हजार टाके म्हटले तर दिवसाला तीन-चार ब्लाऊज निघतील, तेही काम असेल तर. पेनड्राइव्हमधली फुकटची पाच हजार डिझाइन्स मिळणार म्हणून भुलू नका, गिऱ्हाईक मोबाइलवर पाच हजार एकावं दाखवतं आणि त्याचं पंचिंग (चित्रावरून मशीनसाठी फाइल बनवणं) पैसे देऊनच करून घ्यावं लागतं.

गृहलक्ष्मीचे पैसे हप्त्यात धरू नका. ते दर महिन्याला वेळेवर येतातच असं नाही, आणि धंदा वाढून जीएसटी रिटर्न भरायची वेळ आली की त्या योजनेतून तुमचं नाव निघतं. गृहज्योतीची फुकट वीजही घरापुरतीच आहे, मशीनला वेगळं मीटर लागेल का, ते हेस्कॉममध्ये (वीज कंपनीत) आधी विचारून घ्या.

यंदाची लग्नसराई शहापुरातूनच काम करून घ्या. गिऱ्हाइकाकडून 500 घेतलेत तरी नगामागे 150 सुटतात, भांडवल शून्य. गल्लीतल्या इतर शिवणाऱ्या बायकांचं काम गोळा करा. सलग तीन महिने महिन्याला 40 ब्लाऊजच्या वर आकडा गेला की सिंगल हेड घ्या, पण घर गहाण ठेवून नको. 5 लाखांपर्यंतचं केंद्र सरकारच्या मुद्रा योजनेतलं किशोर कर्ज विनातारण मिळतं, त्यासाठी बँकेत कोटेशन आणि उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) घेऊन जा. नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. आणि कोटेशन घेताना विक्रेत्याला लेखी विचारा: मेकॅनिक बेळगावात बसतो की सुरतेहून येणार?