चेन ब्लॉकचं सर्टिफिकेट आहे, मग रोज काय बघायचं?

साकीनाक्याच्या गाळ्यात 2 टनाचा चेन ब्लॉक, म्हणजे साखळी ओढून जड माल उचलायचं यंत्र, आहे आणि शेठ म्हणतात वर्षातून एकदा सर्टिफिकेट येतं तेवढं पुरे, असं तुम्ही लिहिलंय. मी 16 वर्षं मेंटेनन्सला आहे, आधी अंधेरी आता रबाळे, म्हणून सांगतो दादा, तेवढं पुरत नाही.

सर्टिफिकेट लागतंच. कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 29 मध्येच होतं (नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली) की चेन, रोप, टॅकल म्हणजे हुक-स्लिंग वगैरे सगळं 12 महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यायचं, सेफ वर्किंग लोड, म्हणजे जास्तीत जास्त किती वजन उचलायचं ते, लिहिलेला पाहिजे आणि त्याच्या वर माल उचलायचा नाही. पण तपासणारा आला त्या दिवशी काय होतं तेवढंच त्या कागदात असतं, नंतर माल बांधून हुकला लावायच्या बेल्टला काय झालं ते रोज वापरणाऱ्यानेच बघायचं.

आमच्याकडे 800 किलोचा डाय, म्हणजे लोखंडी साचा, उचलत होतो, बेल्ट हिरवा म्हणजे 2 टनाचा, वजनाचा काही प्रश्नच नव्हता, पण डायच्या धारेवर रबर न लावता उचलला, फूटभर वर गेला असेल नसेल आणि बेल्ट फाटून डाय खाली, जोडीदाराच्या पायाची दोन हाडं मोडली, शूजची स्टीलची टोपी जिथे संपते त्याच्या मागे लागलं. संध्याकाळी तो बेल्ट हातात घेतला तर फाटला तिथे काठाला बोटभर चीर आधीचीच होती, तिच्यात काळं ग्रीस भरलेलं. म्हणजे चीर जुनी होती आणि आम्ही तिघं रोज तोच बेल्ट लावत होतो. अजून डोळ्यासमोर येतं ते.

तेव्हापासून सकाळी बेल्ट पूर्ण हातातून सरकवून बघतो, चीर दिसली की तिथेच कापून टाकायचा, बाजूला ठेवला तर कोणीतरी परत वापरतं. हुकची लॅच (बेल्ट निसटू नये म्हणून असते ती पट्टी), हुकचं तोंड फाकलंय का, चेनच्या कड्या ताणल्यात का तेही बघा. माल चार बोटं उचलून थांबा, ब्लॉक घसरतोय का ते तिथेच कळतं.

अँगल मात्र खूप जण विसरतात. दोन पायांच्या स्लिंगने, म्हणजे हुकपासून मालाला दोन बाजूंनी जाणाऱ्या बेल्टने किंवा चेनने, 1 टन उचलताना पाय आडव्यापासून 60 अंशावर असले तर प्रत्येक पायावर साधारण 580 किलो येतात, 45 वर 710 आणि 30 वर प्रत्येकावर पूर्ण 1 टन. स्लिंग आखूड पडली म्हणून पसरून लावू नका, लांब आणा. इशारा एकानेच द्यायचा, आमचे खलाशी, म्हणजे जड माल हलवणारे कामगार, अजून हबीस-आरिया म्हणतात, वर आणि खाली, शब्द कुठलेही असोत आवाज एकाचाच पाहिजे.

आणि ब्लॉक टांगलाय कशाला ते तुम्ही लिहिलंच नाही. छताच्या लोखंडी अँगलला असेल तर आजच काम थांबवा, तो पत्रा धरायला असतो, स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवून वेगळा बीम टाकून घ्या. फोटो टाका, मी बघतो.