चिऊ, आपल्यात मिशनला जातात का?

प्रिय चिऊ,

परवा जेवताना तू विचारलंस, "आपल्यात आजी-आजोबा मिशनला जात नाहीत का?" मी तव्यावरची पोळी उलटत "नाही गं" म्हटलं आणि मोकळी झाले. हा तुझ्या रविवारच्या मराठी शाळेचा गृहपाठ होता हे मला दुसऱ्या दिवशी वही उघडल्यावर कळलं. वहीत प्रश्न दोन ओळींचा आणि उत्तर एका शब्दाचं. ते खोड. नीट सांगते.

आधी शेजारच्या आजी-आजोबांचं बघू. ते इथल्या, म्हणजे युटातल्या, मॉर्मन चर्चचे. त्यांच्यात 'मिशन' म्हणजे चर्चच्या कामासाठी काही काळ घर सोडून दूर जाऊन राहणं. गेल्या वर्षी त्यांनी गाडी विकली, घराची किल्ली आपल्याकडे दिली आणि अठरा महिन्यांसाठी फिलिपीन्समधल्या सेबूला गेले. तू तेव्हा मला विचारलं होतंस, की त्यांना कुणी शिक्षा केलीय का. नाही. त्यांनी स्वतः अर्ज केला होता. त्यांच्या चर्चमध्ये निवृत्त जोडप्यांना सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत असं जाता येतं. आवडनिवड कळवता येते, पण कुठे जायचं ते शेवटी चर्च ठरवतं. मग चर्चच्या अध्यक्षांच्या सहीचं पत्र येतं. घरभाडं, जेवणखाण, सगळं आपल्या खिशातून. पगार नाही. तुझ्या बाबांना हे ऐकून दोन दिवस झोप लागली नव्हती; "पेन्शनमधून, स्वतःच्या पैशाने, ऑफिसात काम?" असं ते भिंतीला विचारत होते.

आणि काम खरंच ऑफिसातलं. तुला वाटतं तसं ते दारोदार फिरत नाहीत. ते अठरा-एकोणीस वर्षांची मुलं करतात, पांढरा शर्ट घालून, दोघं-दोघं. आपल्या दारावरही येतात आणि मी त्यांना सरबत देते. सेबूतले आजोबा अशा मुलांच्या भाड्याच्या खोल्या सांभाळतात. घरमालकाशी करार, गळका नळ, भिंतीला धरलेली बुरशी, पाण्याचा फिल्टर, सायकलचं पंक्चर. आजी टपाल, पार्सलं आणि व्हिसाचे कागद बघतात. त्या रविवारी संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल करतात ना, तेव्हा तिकडे सोमवार सकाळचे आठ वाजलेले असतात. सोमवार हा त्या मुलांचा कपडे धुण्याचा, बाजारहाटाचा आणि घरी फोन करण्याचा वार. म्हणून आजींच्या मागे नेहमी कुणीतरी उंच मुलगा बिस्किटं खाताना दिसतो.

त्यांचा दिवस त्यांनी मला सांगितलाय तो असा. सहाला उठायचं, कारण नंतर उकाडा होतो. दोघांनी मिळून धर्मग्रंथाचं एक पान वाचायचं, प्रार्थना. चहा-कॉफी त्यांच्यात चालत नाही, म्हणून गरम चॉकलेट. त्या घामात गरम चॉकलेट कसं पितात देव जाणे. मग ऑफिस. दुपारी वीज जाते, तिकडे त्याला ब्राउनआउट म्हणतात. पंखा एकच चालू राहतो, जनरेटरवरचा, आणि त्याचं तोंड कुणाकडे यावरून दोघांचं रोज भांडण होतं. आजी हसत म्हणाल्या, "बेचाळीस वर्षं संसार केला, पण हा माणूस दिवसभर घरी कधी नव्हता. आता सकाळी एकाच टेबलावर, रात्री एकाच खोलीत." मिशनवरच्या प्रत्येकाला एक जोडीदार नेमून देतात आणि त्याला सोडून कुठे जायचं नाही असा तरुण मुलांना नियम आहे. म्हाताऱ्यांना जोडीदार नेमावा लागत नाही, तो आधीच नेमलेला असतो.

इथे मला आपली गोष्ट आठवली. आपल्याकडे सत्यनारायणाला, वास्तुशांतीला 'जोडीने बसतात.' एकट्याने बसलं तर भटजी विचारतात, "वहिनी कुठायत?" आणि माझे आजोबा-आजी, म्हणजे तुझे पणजोबा-पणजी, मिरजेहून पायी पंढरपूरला जोडीने जायचे, आषाढीला. मोठी वारी आळंदीहून निघते, माउलींच्या पालखीची, सुमारे अडीचशे किलोमीटर. आमची दिंडी लहान, पण दिनक्रम तसाच. पहाटे अंधारात टँकरच्या नळाखाली अंघोळ. पणजीच्या डोक्यावर तुळशीचं वृंदावन, पणजोबांच्या गळ्यात टाळ. दुपारी कुणाच्या तरी दारात भाकरी-पिठलं, रात्री शाळेच्या व्हरांड्यात पथारी. पणजीला मधुमेह होता आणि पणजोबा खिशात गूळ ठेवायचे, चक्कर आली तर म्हणून. परतल्यावर आठ दिवस दोघांचे पाय शेकत बसायचं काम माझ्याकडे. त्यामुळे "नाही" हे उत्तर तिथेच अर्धं खोटं पडलं.

आणखी एक मजा बघ. शेजारच्या आजोबांच्या खिशावर काळी पट्टी असते, तिच्यावर आडनावाच्या आधी 'एल्डर' लिहिलेलं. आजींच्या पट्टीवर 'सिस्टर'. पहिलं नाव नाहीच. अठरा वर्षांचं पोर पण एल्डर, म्हणजे थोरला! वारीत उलट: सगळे एकमेकांना 'माउली' म्हणतात, आई. दाढीवाला पोलीस असो की पाच वर्षांची मुलगी, 'माउली, जरा सरका.' पणजोबांना कुणी माउली म्हटलं की ते खरंच सरकायचे. घरी नावाने हाक मारली तर हलायचे नाहीत.

तू हेही विचारलंस, की ते लोकांना त्यांच्या धर्मात आणायला जातात का. हो. आजोबा नळ दुरुस्त करतात, पण ज्या मुलांसाठी करतात ती मुलं त्याचसाठी तिथे आहेत. हे लपवण्यात अर्थ नाही आणि शेजारचेही लपवत नाहीत. त्यांनी आपल्यालाही एकदा विचारलं, आपण नको म्हटलं, आणि त्यानंतर ते गणपतीला आले आणि आजोबांनी अकरा मोदक खाल्ले.

माझ्या लहानपणी 'मिशन' म्हणजे दवाखाना. डॉक्टर विल्यम वॉनलेस म्हणून होते, जन्म कॅनडातला. १८८९ मध्ये ते बायकोसह आपल्याकडे आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं. अजूनही रिक्षावाल्याला 'मिशन' म्हटलं की पुरतं. पणजीचा पहिला मुलगा तिथेच झाला. रोज सकाळी वॉर्डात कुणीतरी येऊन मराठीत प्रार्थना म्हणायचं. पणजी हात जोडून ऐकायची. घरी आल्यावर तुळशीला पाणी घालायची. तिला यात काही अडचण दिसली नाही. धर्म बदलण्यावरून मोठ्यांची झालेली भांडणं तुला पुढे इतिहासात वाचायला मिळतील, आणि ती खोटी नाहीत.

शेजारचे आजोबा जाण्याआधी सॉल्ट लेकच्या वंशावळीच्या वाचनालयात आठवड्यातून दोन दिवस सेवा करायचे. जगभरच्या जुन्या वह्यांचे फोटो त्यांच्या चर्चने १९३८ पासून काढून ठेवलेत. आपण बर्फात खेळायला जातो त्या लिटल कॉटनवुड कॅन्यनच्या डोंगरात ग्रॅनाइट पोखरून त्यांची तिजोरी आहे. आजोबांनी मला पडद्यावर हरिद्वारच्या पंड्यांच्या, म्हणजे तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या, वंशावळीच्या वह्या दाखवल्या. मी थक्क. मग मी त्यांना आमच्या हेळव्यांचं सांगितलं. सांगली-कोल्हापूर-बेळगाव भागात हेळवी बैलावर बसून यायचे आणि अंगणात उभे राहून घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायचे. त्यांना धान्य द्यायचं, जमलं तर वासरू. आजोबांनी विचारलं, "फोटो काढलेत का कुणी?" श्राद्धाला आपल्याला तीन पिढ्यांची नावं पुरतात, त्यांना सगळी हवीत, कारण मेलेल्या पूर्वजांसाठीही ते मंदिरात विधी करतात.

पण चिऊ, फरक कुठे आहे माहितीय? मार्चमध्ये शेजारच्यांच्या मुलीला बाळ झालं. आजींनी ते फोनवर पाहिलं. त्या रडल्या, मुलगीही रडली, पण "परत ये" असं कुणी म्हटलं नाही. उलट मुलगी चर्चमध्ये अभिमानाने सांगत होती. आपल्याकडे असं झालं असतं तर? लेकीचं पहिलं बाळंतपण आणि आई सेबूत व्हिसाचे कागद लावतेय! मिरजेत महिनाभर दुसरा विषय निघाला नसता. आपल्यात उतारवयात माणूस घरातून मोकळा होतो असं पोथीत आहे, वानप्रस्थ त्याचं नाव. आमच्या गल्लीतलं कुणी वनात गेलेलं मी पाहिलं नाही. फार तर कट्ट्यावर. तिथूनही सहाच्या आत परत, नातू शाळेतून यायचा असतो.

तू झालीस तेव्हा तुझी आज्जी मिरजेहून एकटी इथे आली. आजोबांची तब्येत बरी नव्हती, त्यामुळे जोडी फुटली. सहा महिने राहायची परवानगी. जानेवारी होता. बॅगेत डिंक, अळीव, बदाम, बाळंतशेप आणि दोन जुनी मऊ लुगडी. तिला इंग्रजी येत नव्हतं, गाडी येत नव्हती, बर्फ तिने आयुष्यात पाहिला नव्हता. पहाटे चारला उठून ती माझ्यासाठी डिंकाचे लाडू वळायची, तुला तेल लावून न्हाऊ घालायची, बाथरूममध्ये धूर केला म्हणून आगीची घंटा वाजवायची. दुपारी तू झोपलीस की खिडकीत बसून समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहायची. "इथे माणसं कुठे राहतात गं?" असं तिने मला विचारलं होतं. मी तेव्हा हसले.

त्या खिडकीतून शेजारच्या आजींनी तिला पाहिलं आणि दालचिनीचे रोल घेऊन आल्या. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. तरी रोज अकराला बसायच्या. आज्जीने त्यांना चहा दिला. त्यांनी तो तसाच ठेवला आणि आज्जीला वाटलं साखर कमी झाली. पुढचे चार दिवस ती साखर वाढवत गेली.

आज्जीने त्या सहा महिन्यांना कधी काही नाव दिलं नाही. तिकडे कुणी विचारलं की "लेकीकडे गेले होते" एवढंच. तिच्या खिशावर पट्टी नव्हती. मलाही हे तू विचारेपर्यंत सुचलं नव्हतं.

तर वहीत काय लिहायचं ते तू ठरव. बाईंना एक ओळ पुरेल असं वाटत नाही. शनिवारी सकाळी आज्जीला फोन लाव, तिकडे रात्र असेल पण ती नऊपर्यंत जागी असते. तिला विचार की इथे दुपारी खिडकीत बसून ती काय बघायची. मी कधी विचारलं नाही.

आणि शेजारच्या जर्दाळूला पाणी घालायची आज तुझी पाळी आहे. पाइप मागच्या बाजूला आहे, नळ पूर्ण बंद होत नाही, नीट पिळ. आजोबा सेबूहून तेवढंच विचारतात.

तुझी,
आई