रात्री तीनचा अलार्म

"तो गेम खेळतसुद्धा नाही हो, त्यातल्या बाजारात नुसती खरेदी-विक्री करत बसतो. हे व्यसन आहे का?" हा प्रश्न घेऊन बरेच पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. त्यातलीच ही एक आई आणि तिचा सोळा वर्षांचा मुलगा. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आईने त्याचा मोबाइल माझ्यासमोर धरला. रात्री बारा, तीन आणि पाचचे अलार्म.

"तीनला उठून नेमकं काय करतोस?" मी विचारलं.

"लिस्टिंग बघतो, मॅडम, विकायला लावलेला माल. कुणीतरी अंडरकट केलेलंच असतं."

मग त्याने वही उघडली. कच्चा माल, कालची खरेदी, आजचा भाव, फी वजा जाता मार्जिन, सगळे रकाने आखलेले. कुणी आपल्यापेक्षा एकच नाणं कमी लावलं की गिऱ्हाईक आधी त्याचा माल उचलतं. मग हा उठतो आणि आणखी एक नाणं उतरवतो. रात्रभर एवढंच.

"आणि नाही उठलास तर?"

"गोल्ड, म्हणजे गेममधली नाणी, पडून राहिलं तर त्याची किंमत उतरते. ज्या तलवारीसाठी जमवत होतो, ती जमेपर्यंत दुप्पट महाग झाली."

आईला हसू आलं. मला नाही, कारण तो बरोबर बोलत होता. अशा खेळांत राक्षस मेला की नाणी शून्यातून तयार होतात. खेळाडूंच्या आपसातल्या सौद्यांत ती फक्त या खिशातून त्या खिशात जातात. खेळातून कायमची बाहेर पडतात ती दुरुस्ती, फी, कर असल्या वाटांनी. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेमचं लिलावघर, म्हणजे खेळाडूंचा बाजार, विक्रीवर ५ टक्के कापून घेतं, ते याचसाठी. ओल्ड स्कूल रूनस्केप या दुसऱ्या गेमने २०२१ मध्ये बाजारावर १ टक्का कर बसवला आणि त्यातल्या काही पैशांतून खेळाडूंच्याच वस्तू विकत घेऊन नष्ट करायला सुरुवात केली. नळ जोरात आणि मोरी बारीक असली की महागाई होणारच. पोराची भीती खोटी नव्हती, फक्त ती त्याला झोपू देत नव्हती.

मी त्याला डायब्लो ३ या गेमची गोष्ट सांगितली. २०१२ साली त्यात कंपनीनेच लिलावघर काढलं, खऱ्या पैशांचंसुद्धा. राक्षस मारून हत्यार मिळवण्यापेक्षा बाजारातून घेणं सोपं झालं आणि खेळाचा गाभाच पोखरला गेला. मार्च २०१४ मध्ये कंपनीने ते बंद केलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी तीन महिन्यांत एकही डन्जन केलेलं नाही. गिल्डवाले बोलवायचेही थांबले." (डन्जन म्हणजे गटाने मिळून राक्षसांशी लढायची मोहीम, गिल्ड म्हणजे गेममधला आपला गट.)

आईला जरा बाहेर बसायला सांगितल्यावर उरलेलं निघालं. एकजण त्याचं गोल्ड खरे पैसे देऊन घ्यायला तयार होता. इथे मी समजूत घालत बसले नाही, सरळ 'नाही' म्हटलं. बहुतेक खेळांत याला बंदी असते, अकाउंट जातं, शिवाय अनोळखी माणसाच्या हातात बँकेचे तपशील. हे त्याने त्याच दिवशी आईला सांगितलं, माझ्यासमोर.

व्यसनाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. पण त्यासाठी ताबा सुटलेला हवा, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ झालेला हवा, नुकसान होत असूनही तो चालू असावा आणि हे साधारण बारा महिने दिसलेलं असावं. हा मुलगा शाळेत जात होता, अभ्यास बरा होता. मी शिक्का मारला नाही. झोपण्याआधी एकदाच, थोडा कमी भाव लावून माल टाकायचा आणि काय बुडालं ते वहीत लिहायचं, एवढंच ठरवलं.

दोन आठवड्यांनी वहीत नवा रकाना होता: 'झोपेमुळे तोटा'. नफ्याच्या आठव्या हिश्शाइतका. "मला वाटलं होतं निम्मा जाईल," तो म्हणाला.

तीन आणि पाचचे अलार्म गेले. बाराचा अजून आहे. आईला तोही नको आहे. मी म्हटलं, तो त्यालाच काढू द्या.