सर्टिफिकेटला गुण किती?

प्रश्न : आमची बारा जणांची सॉफ्टवेअर टीम आहे. बॅकएंड डेव्हलपरच्या (सर्व्हरवरचा, पडद्यामागचा कोड लिहिणाऱ्याच्या) एका जागेसाठी दोन उमेदवार उरलेत. एकाकडे चार सर्टिफिकेट्स आहेत : जावा या प्रोग्रॅमिंग भाषेचं एक, एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची दोन, कुबरनेटिसचं (अनेक सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवणाऱ्या प्रणालीचं) एक. दुसऱ्याकडे एकही नाही, पण सहा वर्षं तो एकाच बिलिंग सिस्टीमवर काम करतोय. एचआर म्हणतं, प्रत्येक सर्टिफिकेटला दोन गुण धरा, म्हणजे पक्षपात नको. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे मांडता येत नाही.
– एक टीम लीड

उत्तर : आधी माझीच गोष्ट सांगते. २००६ साली मी सन कंपनीची एससीजेपी ही जावाची परीक्षा पास झाले. त्यातला एक लाडका प्रश्न असा : जावात एकाच आकड्याचे दोन इंटिजर ऑब्जेक्ट (आकडा ठेवायच्या डब्याच म्हणा) == लावून, म्हणजे ‘डबी तीच आहे का’ असं ताडले, तर १२७ ला उत्तर ‘खरं’ येतं आणि १२८ ला ‘खोटं’. कारण उणे १२८ ते १२७ या आकड्यांचे ऑब्जेक्ट जावा एकदाच बनवून ठेवते आणि तेच परत देते. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

वर्षभरानं आमच्याकडे ग्राहकांच्या नोंदी जुळेनाशा झाल्या. टेस्टिंगला सगळं ठीक, प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरात, गोंधळ. टेस्टचे ग्राहक जेमतेम पन्नास, खरे हजारो. दीड दिवस मी डेटाबेसच्या क्वेऱ्या तपासत बसले. शेवटी शेजारच्या सहकाऱ्यानं, ज्यानं आयुष्यात अशी एकही परीक्षा दिली नव्हती, दोन्ही आयडी लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत) छापले आणि म्हणाला, “आकडे तर सारखेच आहेत की! मग जुळत का नाहीत?” तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आयडी == लावून ताडले जात होते, आणि १२७ च्या पुढे ते फसत होतं. चुकीची जागा त्यानं शोधली, तर त्यामागचं कारण मी मिनिटात सांगितलं. ते कारण मला त्या परीक्षेमुळेच ठाऊक होतं, हेही खरं.

आता तुमचे दोन-दोन गुण. त्यातली खोट अशी की चार वेगळ्या गोष्टी एकाच मापानं मोजल्या जातायत. एडब्ल्यूएसच्या सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेत १३० मिनिटांत ६५ प्रश्न, सगळे पर्याय निवडण्याचे. १००० पैकी ७२० ला पास. कुबरनेटिसची सीकेए मात्र दोन तास टर्मिनलसमोर (कमांड टाइप करायच्या खिडकीसमोर) बसवते. चालू क्लस्टर (एकत्र जोडलेले सर्व्हर) हातात देतात आणि बिघाड दुरुस्त करायला लावतात, वर अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडून बघायची मुभाही असते. रोजच्या कामाच्या जवळ कुठली, हे एचआरलाही कळेल. शिवाय पर्यायी प्रश्नांच्या परीक्षांचे ‘डम्प’, म्हणजे फुटलेले प्रश्नसंच, फिरतात. ते घोकून पास झालेले मी मुलाखतीत पाहिलेत : व्याख्या तोंडपाठ, पण “मग तुम्ही काय केलंत?” म्हटलं की शांतता.

म्हणून सर्टिफिकेटवाल्याला तुच्छ लेखू नका, आणि सहा वर्षांवरही भाळू नका. त्या सहा वर्षांत त्यानं नुसते रिपोर्टमधले कॉलम वाढवले असतील, कुणी सांगावं!

मी काय करते ते सांगते. दोघांना तोच एक तास, तोच मोडका कोड. तुमचं काम बॅकएंडचं, म्हणून असं काहीतरी : पेमेंटची रिक्वेस्ट टाइमआउट झाली (वेळेत उत्तर आलं नाही), ग्राहकाच्या ॲपनं ती पुन्हा पाठवली आणि ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेले. कुठे बघाल? लॉगकडे कोण वळतो, आधी प्रश्न कोण विचारतो, ‘दोनदा आली तरी एकदाच नोंदवा’ इथपर्यंत कोण पोचतो, हे बघत बसा. एचआरला गुणच हवे असतील तर ते इथे द्या. निकष आधी लिहून ठेवा, म्हणजे त्यांचा पक्षपाताचा मुद्दाही सुटेल. चार सर्टिफिकेटवाल्याला वर एकच विचारा : यातलं कामात काय वापरलंत, आणि पुस्तकाप्रमाणे काय चाललं नाही?

एक अपवाद. तुमची कंपनी एडब्ल्यूएसची पार्टनर असेल किंवा ग्राहकाच्या करारात सर्टिफाइड माणसांची अट असेल, तर तो कागद लागतोच. मग ती अट जाहिरातीतच लिहा, मुलाखतीत मागून काढू नका. आणि ज्याच्याकडे अनुभवच नाही, दुसऱ्या क्षेत्रातून आलाय, त्याचं सर्टिफिकेट मी जरा आदरानं बघते. निदान एक विषय त्यानं शेवटपर्यंत नेलाय.

जाता जाता त्या चारही कागदांवरच्या तारखा तपासा. एडब्ल्यूएसचं तीन वर्षांनी संपतं, सीकेए आता दोनच वर्षांनी. माझ्या एससीजेपीला मुदत नव्हती. २०१० मध्ये सन कंपनीच ओरॅकलनं विकत घेतली.