जीवरसायनाची उजळणी: आधी चार मूळ प्रकरणे, मग चक्रे

परीक्षेला थोडेच आठवडे उरलेले असताना मूळ रसायनशास्त्राकडे परत वळावे, की थेट ग्लायकोलिसिस (पेशीत ग्लुकोज तोडण्याचा मार्ग) आणि क्रेब्ज चक्र (त्यापुढचे ऊर्जा मिळवण्याचे चक्र) पाठ करायला घ्यावे, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते आधी रसायनशास्त्रच घ्यावे, मात्र सगळे नव्हे. आम्ल-आम्लारी समतोल, मुक्त ऊर्जा, ऑक्सिडीकरण-क्षपण आणि अभिक्रियेचा वेग एवढी चार प्रकरणे पक्की केलीत, तर जीवरसायनात घोकंपट्टी करावी लागते असे वाटणारे बरेचसे आपोआप उलगडत जाते.

सर्वांत जास्त वेळ बफरला, म्हणजे पीएच (आम्लतेचे माप) फारसा बदलू न देणाऱ्या मिश्रणाला, द्यावा. हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरण (पीएच = पीकेए + लॉग [आम्लारी/आम्ल]) नुसते लिहून काढण्यापेक्षा रक्ताचे उदाहरण स्वतः सोडवून पाहावे. बायकार्बोनेट प्रणालीचा पीकेए (ज्या पीएचला आम्ल आणि त्याचे आम्लारी समप्रमाणात असतात तो आकडा) ६.१ आहे, रक्तात बायकार्बोनेट साधारण २४ आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२ मिलिमोल प्रति लिटर असतो, म्हणजे गुणोत्तर २० होते, २० चा लॉग सुमारे १.३ येतो आणि पीएच ७.४ मिळतो. आता बायकार्बोनेट निम्मे, म्हणजे १२, झाले असे माना: गुणोत्तर १० वर येते आणि पीएच ७.१ पर्यंत घसरतो. अशा वेळी श्वासाचा वेग वाढून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला गेला, की छेद लहान होतो आणि पीएच पुन्हा वर सरकतो, जरी प्रत्यक्ष शरीरात ही भरपाई सहसा पूर्ण होत नाही. पीकेए ७.४ पासून इतका दूर असूनही ही प्रणाली का चालते, हा परीक्षकांचा आवडता प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर याच गणितात आहे: फुप्फुसे आणि मूत्रपिंडे अंश व छेद दोन्ही स्वतंत्रपणे बदलू शकतात. अमिनो आम्लांवरील प्रभाराचे प्रश्नही हेच समीकरण सोडवते. हिस्टिडिनच्या पार्श्वशृंखलेचा पीकेए सहाच्या आसपास असल्यामुळेच ते एन्झाइमच्या सक्रिय स्थानी वारंवार आढळते.

मुक्त ऊर्जेच्या बाबतीत विद्यार्थी प्रमाणित (ठरावीक संहतींना धरलेल्या) आणि प्रत्यक्ष (पेशीतील संहतींना येणाऱ्या) मूल्यांची गल्लत करतात. मॅलेटपासून ऑक्झालोअॅसिटेट होण्याच्या अभिक्रियेचे प्रमाणित मूल्य सुमारे +३० किलोज्यूल प्रति मोल आहे, म्हणजे ती आपोआप पुढे जाऊ नये, तरीही क्रेब्ज चक्र अडत नाही, कारण पुढची सायट्रेट तयार होण्याची अभिक्रिया ऑक्झालोअॅसिटेट सतत उचलून नेते आणि त्याची संहती अत्यल्प राहते. हे एक उदाहरण नीट समजले, की एटीपीशी (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूशी) जोडलेल्या अभिक्रिया वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

ऑक्सिडीकरण-क्षपणासाठी प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारावा: इलेक्ट्रॉन कोणी दिले आणि कोणी घेतले? ऑक्सिजन अपुरा पडला की पायरुव्हेटचे लॅक्टेट होते ते एटीपी मिळावा म्हणून नव्हे, तर ग्लायकोलिसिस चालू ठेवण्यासाठी लागणारे एनएडी (इलेक्ट्रॉन घेणारा रेणू; ते घेतले की त्याचे एनएडीएच होते) परत मिळावे म्हणून, हे त्यातूनच कळते. वेगाचे प्रकरण त्या मानाने लवकर आटोपते. स्पर्धात्मक निरोधनात क्रियाधार (एन्झाइम ज्यावर काम करते तो पदार्थ) वाढवून निरोधकावर मात करता येते, म्हणून केएम (निम्म्या कमाल वेगासाठी लागणारी क्रियाधाराची संहती) वाढतो पण व्हीमॅक्स (कमाल वेग) तोच राहतो, हे आलेख काढून एकदा पाहिले की पुरे.

त्यानंतरच चक्रांकडे वळावे, आणि तीही कोऱ्या कागदावर न पाहता काढावीत. सगळ्या मध्यवर्ती संयुगांची नावे एकाच दमात आठवण्याचा हट्ट मात्र नको. आधी नियंत्रणाच्या पायऱ्या, विशेषतः ग्लायकोलिसिसमधील फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या एन्झाइमची, आणि एनएडीएच जिथे तयार होते त्या जागा पक्क्या कराव्यात.

एका ग्लुकोजपासून किती एटीपी मिळतात, याची उत्तरे पुस्तकागणिक बदलतात. जुनी पुस्तके प्रत्येक एनएडीएचमागे ३ आणि एफएडीएच२ (तसाच दुसरा इलेक्ट्रॉनवाहक) मागे २ धरून ३६ किंवा ३८ सांगतात. नवी पुस्तके २.५ आणि १.५ धरतात, त्यामुळे पेशीद्रवातील एनएडीएचचे इलेक्ट्रॉन कोणत्या शटलने (वाहून नेणाऱ्या व्यवस्थेने) मायटोकॉन्ड्रियात जातात त्यानुसार ३० किंवा ३२ येतात. तुमच्या अभ्यासक्रमाला नेमलेले पुस्तक कोणता हिशेब धरते ते आजच पाहून ठेवा आणि उत्तरात गृहीत धरलेले आकडेही लिहा.