शोध ‘लागतो’, मग संशोधन का ‘लागत’ नाही?

एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी जनुकशास्त्रात पीएच.डी. करते. प्रयोगशाळेत निम्मी मुलं हिंदी भाषक, त्यामुळे ती हल्ली घरी फोनवर ‘मी वाटाण्यावर शोध करतेय’ असं म्हणते. वडील म्हणाले, ‘संशोधन म्हण गं.’ त्यावर ती म्हणाली, ‘बाबा, हिंदीत संशोधन म्हणजे कायद्यातली दुरुस्ती. मी वाटाणा दुरुस्त करत नाहीये.’ आता बरोबर कोण?

मराठीत बोलताना बाबा बरोबर. ‘हिंदीची सावली नको’ एवढंच त्याचं कारण असतं तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो. खरी गंमत क्रियापदांत आहे.

‘शोध’ या एका नामाला आपण तीन क्रियापदं जोडतो आणि तिन्ही वेळा अर्थ बदलतो. पोलीस चोराचा शोध घेतात. कोणीतरी शोध लावतो. आणि शोध लागतो. पहिल्यात नुसती धडपड आहे, हाती काही येईलच असं नाही. उरलेल्या दोन्हींत वस्तू सापडलेली आहे. ‘शोध करणे’ मात्र आजच्या मराठीत कुठं बसत नाही, म्हणून मुलीचं वाक्य बाबांच्या कानाला खटकलं. या ‘लागणे’चा गोतावळाही बघा: भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, लॉटरी लागते. आपण ठरवून यातलं काही होत नाही. संशोधन याच्या अगदी उलट. ते करतात, ते चालू असतं, अनुदानावाचून रखडतं. ‘त्याला संशोधन लागलं’ असं म्हणून पाहा, एखाद्या व्यसनाबद्दल बोलल्यासारखं वाटेल. (काहींच्या बाबतीत ते खरंही असतं.)

मुलीचा विषय वाटाणाच आहे, तर उदाहरणही त्याचंच घेऊ. ग्रेगोर मेंडेलनं ब्र्नोच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) मठात 1856 ते 1863 अशी आठ वर्षं वाटाण्याची हजारो झाडं वाढवली आणि दाणे मोजले. एका प्रयोगात गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या झाडांचा संकर केला, तेव्हा दुसऱ्या पिढीत गोल दाणे निघाले 5474, सुरकुतलेले 1850. भागाकार करा, 2.96 येतं, म्हणजे जवळजवळ तीनास एक. हे सगळं 1866 साली छापून आलं आणि बहुतेकांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. 1900 साली द व्रीस, कोरेन्स आणि चेर्माक हे तिघं वनस्पतिशास्त्रज्ञ आपापल्या प्रयोगांतून त्याच जागी पोचले, तेव्हा कुठं मठातला तो निबंध वर आला. आता हे मराठीत सांगा: मेंडेलनं आठ वर्षं संशोधन केलं, आनुवंशिकतेच्या नियमांचा शोध लावला आणि 1900 साली त्या शोधाचा जगाला शोध लागला. दोन शब्द वेगळे ठेवलेत म्हणून हे वाक्य उभं राहतं. सगळीकडे ‘शोध’ घातलात की विस्कटलं.

पण मुलीचा मुद्दाही हवेतला नाही. ‘संशोधन’ आलाय ‘शुध्’ या धातूपासून. मूळ अर्थ पूर्ण शुद्ध करणं, चुका काढणं. आयुर्वेदात आजही संशोधन म्हणजे वमन-विरेचनानं शरीर साफ करणं. हिंदीनं हा जुना अर्थ धरून ठेवला, म्हणून तिकडे ‘संविधान संशोधन’ आणि आपल्याकडे ‘घटनादुरुस्ती’. नेपाळीही हिंदीच्या बाजूला. गुजराती आणि कन्नड मात्र आपल्यासारख्या: तिथंही संशोधन म्हणजे रिसर्चच. बंगालीनं तिसरीच वाट धरली, ‘गवेषणा’. तिचा मूळ अर्थ हरवलेल्या गाई हुडकणं, आणि मला तो फार आवडतो. हिंदीतल्या सरकारी पाट्यांवर असतं ‘अनुसंधान’. आपण अनुसंधान ठेवतो ते नामाचं, त्यामुळे ‘कृषि अनुसंधान परिषद’ ही पाटी वाचून माझ्या आजीला ते कीर्तनाचं ठिकाण वाटलं होतं.

मराठीतून तो शुद्धीचा अर्थ पार गेला असंही नाही. मी उमेदीची बरीच वर्षं मुद्रितशोधक म्हणून काढली. मुद्रितशोधन म्हणजे छापलेल्या कागदातल्या चुका वेचणं, म्हणजे शुद्ध हिंदीवाल्यांचंच ‘संशोधन’. दोन्ही अर्थ एकाच कामात बघायचे असतील तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे बघा. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम तिथं 1919 साली सुरू झालं आणि 1966 साली पुरं झालं. हजाराच्या वर हस्तलिखितं गोळा करायची, एकेक श्लोक सगळ्यांशी ताडून बघायचा, मागाहून घुसलेलं बाजूला काढून तळटिपेत ठेवायचं. आता हे मजकूर साफ करणं म्हणायचं की रिसर्च?

इतिहासात तर हा फरक रोजचा. एखाद्या वाड्याच्या माळ्यावर कागदांचा रुमाल मिळाला, हा शोध. संशोधन त्यानंतर सुरू होतं. समजा, मोडी पत्रावर सन आहे ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे शुहूर सन (मराठ्यांच्या दप्तरातली जुनी कालगणना) 1161. इसवी सन काढायला त्यात 599 किंवा 600 मिळवायचे. कोणता आकडा, हे महिन्यावर ठरतं, कारण हे वर्ष मृगाला बदलतं. पत्र जानेवारीतलं असेल तर 600, म्हणजे 1761, म्हणजे पानिपत. एका तारखेपायी एवढा खटाटोप. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढले ते असल्या कागदांवर. त्यांनी 1910 साली पुण्यात उभं केलेलं ‘भारत इतिहास संशोधक मंडळ’ हे नावही म्हणूनच चपखल आहे. ‘शोधक मंडळ’ म्हटलं असतं तर लोक हरवलेली माणसं विचारायला आले असते.

मानसशास्त्रात ‘शोध लागला’ फारसं कोणी म्हणत नाही. ‘संशोधनात आढळलं’ म्हणतात, आणि ते शहाणपणाचं आहे. 2015 साली तिथले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा निम्म्याहून कमी अभ्यासांत पहिला निष्कर्ष पुन्हा मिळाला. वर्तमानपत्रातलं ‘एका नव्या संशोधनानुसार’ वाचताना हे आठवावं.

गणितात मात्र आपला ‘शोध’ भलताच सोयीचा. हिंदीत आधीच असलेलं सापडलं तर ‘खोज’, नवं घडवलं तर ‘आविष्कार’. आपण अमेरिकेचाही शोध लावतो आणि टेलिफोनचाही. (आपला आविष्कार कलेचा असतो.) देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा 6174 घ्या. सगळे आकडे सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या चालेल, समजा 3524. तिचे आकडे उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करा: 5432 वजा 2345, 3087. पुन्हा तसंच: 8730 वजा 0378, 8352. पुन्हा: 8532 वजा 2358, 6174. पुढं कितीही करा, 6174 च. हा आकडा आधीपासून तिथं बसला होता की कापरेकरांनी तो खेळ रचला, यावर तत्त्वज्ञ भांडतात. मराठी माणूस ‘कापरेकरांनी शोध लावला’ म्हणून मोकळा होतो.

आता मुलगी पुढचा प्रश्न विचारणार: ‘मग तुम्ही शोधनिबंध, शोधप्रबंध कसं म्हणता?’ म्हणतो खरं. समासात ‘शोध’ रिसर्चच्या अर्थानं मराठीतही रुळलाय, ‘संशोधननिबंध’ जिभेला जड जातो म्हणूनही असेल. तेव्हा प्रबंधाच्या मुखपृष्ठावर तिनं ‘शोधप्रबंध’ खुशाल छापावं. फोनवर मात्र संशोधन करावं, आणि शोध लागला की बाबांना कळवावं.